केसपेपरावरचे ‘व्यसन नाही’ : दारूबंदीच्या गावातून आलेल्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण विदर्भातील एका शिक्षण रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा वॉर्डातले आहे. मी तेथे वैद्यकशास्त्र विभागात शिकवतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, दिलेली औषधे आणि आमच्या हातून झालेल्या चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत. रुग्णाइतकेच लक्ष मी येथे त्याच्यावर उपचार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडे दिले आहे, कारण जे चुकले ते माहिती नसल्यामुळे चुकले नव्हते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली की शरीरात काय घडते, हे त्या वॉर्डातील प्रत्येक इंटर्नने परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहिलेले होते.

भरती

सप्टेंबर महिना होता आणि पोळा होऊन आठवडा उलटत होता. ४४ वर्षांचे एक शेतकरी, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि उरलेल्या दिवसांत मजुरी, असे बुधवारी दुपारी ४ च्या सुमारास उजवा पाय सुजून आल्यामुळे भरती झाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, बैलाचे खूर पायावर पडले होते, जखमेवर हळद लावून त्यांनी चार-पाच दिवस काढले, आणि पायात पू धरून ताप चढल्यावर शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसून ते रुग्णालयात पोहोचले. सोबत पत्नी, सोळा वर्षांचा मुलगा आणि तो शेजारी होता.

भरतीची माहिती एका इंटर्न डॉक्टरांनी लिहून घेतली. त्या हुशार आणि कष्टाळू होत्या; त्या दिवशी ती त्यांची अकरावी भरती होती. वॉर्डाच्या दारात, स्ट्रेचरच्या बाजूला उभे राहून, सोबतच्या तिघांसमोर त्यांनी ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले. दम्याचा, साखरेचा, रक्तदाबाचा त्रास नाही. खर्रा खाता का, या प्रश्नाला रुग्णाने लगेच ‘होय जी, दिवसाले चार-पाच’ असे सांगितले. दारू पिता का, या प्रश्नाला त्यांनी मान हलवून नाही म्हटले. पत्नीने खाली पाहिले. केसपेपरावर नोंद झाली : ‘तंबाखू – हो, मद्यपान – नाही.’

नाडी मिनिटाला ११२ होती, अंगाला घाम होता आणि हात पुढे करायला सांगितल्यावर बोटे बारीक थरथरत होती. हे सर्व तापाच्या खात्यात गेले, आणि पायात पू असलेल्या माणसाच्या बाबतीत तसे घडणे समजण्यासारखे आहे. रात्री रक्ताचे अहवाल आले. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान १०४, प्लेटलेट ९२,०००, यकृताच्या दोन एन्झाइमांपैकी एएसटी १४८ आणि एएलटी ५६. पेशी मोठ्या, प्लेटलेट कमी आणि एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की दारूचा विचार पहिल्यांदा मनात यायला हवा, हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. अहवाल केसपेपराला टाचले गेले. गुरुवारी सकाळी शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या निवासी डॉक्टरांनी ‘मद्यपान – नाही’ ही नोंद आपल्या कागदावर उतरवून घेतली, आणि दुपारी वॉर्डाच्या निवासी डॉक्टरांनी ती त्यांच्या कागदावरून उतरवली. एकाच उत्तराच्या या तीन प्रती झाल्या, आणि त्यानंतर कोणी तोच प्रश्न पुन्हा विचारणे जवळजवळ अशक्य झाले.

दुसरी रात्र

पायातील पू काढल्यानंतर ताप उतरू लागला, पण नाडी उतरली नाही. गुरुवारी दिवसभर रुग्ण झोपले नाहीत, जेवले नाहीत, आणि घरी जायचे आहे असे वारंवार सांगत राहिले. ड्युटीवरील नोंदीत ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असे लिहिले आहे. पोटात अन्न नाही म्हणून दोन दिवस डेक्स्ट्रोजयुक्त, म्हणजे साखरेचे, सलाईन चालू होते. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिलेले नव्हते.

शुक्रवारी पहाटे १ वाजता त्यांनी सलाईनची सुई उपसली आणि खाटेखाली वाकून काहीतरी शोधू लागले. ‘ढोरं सुटले ना जी, दावं कुठी हाये माह्यं?’ असे ते मुलाला विचारत होते. मुलगा रडू लागला. थोड्या वेळाने ते चादरीवरून काहीतरी वेचून उशीच्या खोळीत भरू लागले. बोटांची ती हालचाल कापूस वेचणाऱ्या माणसाची आहे, हे विदर्भात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. शेजारच्या खाटेवरील नातेवाइकांनी ‘बाहेरचं लागलं’ असे ठरवले, एका म्हाताऱ्या बाईंनी ‘वात झाला’, म्हणजे आजाराने भ्रम झाला, असे म्हटले. भ्रम झालेला माणूस अनेकदा आपले रोजचे काम हवेतच करू लागतो, असे आमची पाठ्यपुस्तके सांगतात, आणि या एका बाबतीत म्हाताऱ्या बाई पाठ्यपुस्तकाच्या अधिक जवळ होत्या.

इंटर्न आणि पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर धावत आले. पुढील वीस मिनिटांत जे घडले ते मी नंतर तिघांकडून स्वतंत्रपणे ऐकले आहे. ‘ए, नाटक करू नको, झोप गुपचूप’ असे रुग्णाला सांगण्यात आले. दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधण्यात आले. हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देण्यात आले. हे औषध आरडाओरडा कमी करते, पण दारू थांबल्याने मेंदूत उसळलेला क्षोभ शमवत नाही, आणि एकटेच दिले तर झटके येण्याचा धोका वाढवते. रुग्ण थोडे शांत झाले आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

पहाटे ४ वाजता सिस्टरांनी रुग्णाच्या पत्नीला चहाच्या निमित्ताने व्हरांड्यात नेले आणि हळू आवाजात एक प्रश्न विचारला : ‘बाई, भाऊंनी शेवटची कधी घेतली?’ पत्नीने सांगितले : ‘मंगळवारी राती, दहाक वाजता. रोजच घेतात जी ते. पन सगळ्यायसमोर कसं सांगू मी?’ सिस्टरांनी केसपेपराच्या कडेला पेन्सिलने वेळ लिहिली आणि मला फोन केला.

उपचार

मंगळवारी रात्री १० पासून शुक्रवारी पहाटे १ पर्यंत ५१ तास होतात. दारू थांबल्यावर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, झटके आलेच तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डेलिरियम ट्रेमेन्स हा गंभीर भ्रम उभा राहतो. आमच्या रुग्णाने पाठ्यपुस्तकाचे वेळापत्रक तंतोतंत पाळले होते.

तरीही मी पोहोचल्यावर निदान गृहीत धरले नाही, आणि हे इंटर्नांना मुद्दाम दाखवले. दारूचे नाव कळताच बाकीचा विचार थांबवणे हीदेखील त्याच तुच्छतेची दुसरी बाजू आहे. अशा माणसाच्या डोक्याला मार लागलेला असू शकतो, रक्तातील साखर किंवा सोडियम घसरलेले असू शकते, पायातील जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असू शकतो, यकृत निकामी होऊन भ्रम झालेला असू शकतो. साखर तपासली, ती ठीक होती. सोडियम १३१ होते. डोक्याचे स्कॅन स्वच्छ आले. डोळे बाजूला फिरवताना मात्र ते ठेचकाळत होते. थायमिनच्या कमतरतेने मेंदूला होणाऱ्या इजेचा, म्हणजे वेर्निके एन्सेफॅलोपॅथीचा, तो इशारा असू शकतो, आणि ज्याच्या शरीरात थायमिन आधीच कमी आहे त्याला दोन दिवस नुसते डेक्स्ट्रोज दिल्याने ती इजा वाढू शकते. (साखर खरोखर घसरलेली असेल तर थायमिनची वाट पाहत ग्लुकोज थांबवू नये, दोन्ही एकत्र द्यावे. इंटर्न या नियमाचा अर्धाच भाग लक्षात ठेवतात, म्हणून येथे लिहून ठेवतो.)

थायमिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा शिरेतून सुरू केले. यकृताचे अहवाल पाहता दारू थांबल्याने उसळलेला क्षोभ शमवणाऱ्या औषधांपैकी क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी लोराझेपाम निवडले, कारण त्याचा निचरा करताना यकृतावर तुलनेने कमी भार पडतो. थरथर, घाम, अस्वस्थता अशा दहा लक्षणांना गुण देणारी सीआयडब्ल्यूए ही मोजपट्टी आम्ही वापरतो, परंतु तिचे बरेचसे प्रश्न रुग्णाने उत्तर द्यायचे असतात, आणि ज्याला समोर ढोरे दिसत आहेत त्याच्याकडून उत्तर कसले घेणार? म्हणून तासातासाला स्वतः पाहून, हाक मारली की डोळे उघडतील इतपत गुंगी येईपर्यंत मात्रा दिल्या. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून काढले. हाताच्या पट्ट्या सोडल्या, खाट भिंतीकडच्या शांत कोपऱ्यात हलवली, दिवा चालू ठेवला आणि पत्नीला उशाशी बसवले. सोमवारी सकाळी रुग्णाने मुलाला नावाने हाक मारून बैलांना चारा टाकला का, असे विचारले. तो प्रश्न या वेळी खऱ्या बैलांविषयीचा होता.

योग्य उपचार न मिळाल्यास डेलिरियम ट्रेमेन्समध्ये पूर्वी सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावत असत. आज वेळेवर ओळखले तर हे प्रमाण १०० मागे ५ पेक्षा कमी आहे. आमचे रुग्ण वाचले. पण ‘वेळेवर’ हा शब्द आम्हाला लागू होत नाही, आणि ते का झाले हे पाहण्यासाठी मी पुढच्या आठवड्यात त्या इंटर्न, दोन निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासोबत दीड तास बसलो.

प्रश्न कोणी, कुठे, कसा विचारला

इंटर्न डॉक्टरांचे पहिले वाक्य होते : ‘सर, पेशंट खोटं बोलला.’ त्या रडवेल्या झाल्या होत्या आणि त्यांचा राग अप्रामाणिक नव्हता. म्हणून मी त्यांना उत्तर देण्याऐवजी रुग्णाच्या गावाविषयी काय माहीत आहे, असे विचारले. कोणालाच काही माहीत नव्हते.

ते गाव दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातील आहे. विदर्भात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. या बंदीमागे, विशेषतः गडचिरोलीत, स्त्रियांचे आणि गावांचे मोठे आंदोलन आहे, आणि तिचा मला आदर आहे. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील स्त्रियांनी लढून मिळवलेली गोष्ट रुग्णालयात बसून मोडीत काढणे हा माझा हेतू नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की अशा जिल्ह्यातून आलेल्या माणसाच्या कानावर ‘दारू पितो का?’ हा प्रश्न वेगळाच पडतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय पिणे हा गुन्हा आहे. गावात मोहाची दारू मिळते ती चोरून, शेजारच्या जिल्ह्यातून पव्वे येतात तेही चोरून. या माणसाला हा प्रश्न आयुष्यात ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांतील बहुतेक खाकी वेषात होते. पुढे बोलते झाल्यावर रुग्णानेच इंटर्नना सांगितले : ‘पोलीसबी असंच इचारते ना, मॅडम.’

खर्र्याचे उत्तर सहज आले, कारण खर्र्याची चोरी वाटत नाही. दोन उत्तरांतील हा फरक केसपेपरावर एकाखाली एक लिहिलेला होता आणि तो आम्हाला वाचता आला नाही.

पत्नीच्या गप्प राहण्याचे कारण त्याहून अवघड होते. त्या गावातील महिला बचत गटाच्या सदस्य होत्या, आणि गटातील बायकांनी दोन वर्षांपूर्वी नाल्याकाठच्या भट्टीवर जाऊन मोहाचा सडवा उलथून टाकला होता. त्यांत या बाईही होत्या. मोटारसायकल चालवत आलेल्या शेजाऱ्याची बायको त्याच गटात होती. स्वतःच्या नवऱ्याचे पिणे त्यांनी घराच्या चार भिंतींत दाबून ठेवले होते आणि वॉर्डाच्या दारात, शेजाऱ्यासमोर, ते उघड करण्याची किंमत त्यांना गावात मोजावी लागली असती. आमच्या इंटर्नने त्यांना दोन मिनिटे बाजूला नेले असते तर पुढचे ३३ तास वेगळे गेले असते. सिस्टरांनी ते केले. सिस्टरांना ते कोणी शिकवले, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरी वडील पीत असत.

विचारण्याचे शब्दही आम्ही तपासले. ‘दारू पिता का?’ याला हो किंवा नाही एवढेच उत्तर संभवते, आणि आमच्याकडे ‘दारू पिणारा’ म्हणजे गटारीत पडणारा असा अर्थ घेतला जातो. रोज संध्याकाळी घेऊन सकाळी कामावर जाणारा माणूस स्वतःला त्यात मोजत नाही. सिस्टरांचा प्रश्न ‘शेवटची कधी घेतली?’ असा होता. त्यात पिणे गृहीत होते, आरोप नव्हता, आणि डॉक्टरला प्रत्यक्ष उपयोगी पडणारी माहिती नेमकी तीच होती. किती घेता, हे विचारतानाही पेग मोजून चालत नाही. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या १८० मिलिलिटरच्या पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, एवढा हिशेब करता येतो; मोहाच्या दारूचा गिलास प्रत्येक भट्टीवर वेगळा असतो. तेथे किती यापेक्षा किती वाजता सुरू होते, सकाळी हात थरथरतात का आणि घेतल्यावर थांबतात का, हे विचारणे अधिक कामाचे.

‘तुम्ही’ आणि ‘तू’

बैठकीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट सिस्टरांनीच दाखवून दिली. भरतीच्या वेळी इंटर्न डॉक्टर रुग्णाला ‘काका, पाय दाखवा’ असे म्हणत होत्या. शुक्रवारी पहाटे निवासी डॉक्टर ‘ए, झोप’ म्हणाले. निदान कळल्यावर, सकाळच्या राउंडला, सगळेच ‘तू’ म्हणू लागले : ‘किती पितोस?’, ‘बायकोला मारतोस का?’ रुग्ण तेच होते, वय तेच होते, शेजारच्या खाटेवर त्यांच्याच वयाचे हर्नियाचे रुग्ण ‘तुम्ही’ होते. मी मागील महिनाभराचे राउंड आठवून पाहिले आणि या क्रमात मीही होतो, हे मला मान्य करावे लागले.

दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी प्रामाणिकपणे आपली बाजू मांडली, आणि ती येथे नोंदवणे आवश्यक आहे. दारू पिऊन आलेल्या माणसाने रात्रपाळीत त्यांच्या अंगावर हात टाकलेला होता. यकृत सुजून तिसऱ्यांदा भरती होणाऱ्या रुग्णासाठी रक्ताची पिशवी मिळवायला त्या अर्धी रात्र धावल्या होत्या आणि तोच रुग्ण सुटीच्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पिताना त्यांना दिसला होता. ‘त्याला स्वतःची पडली नाही तर मला का पडावी, असं वाटतं सर,’ असे त्या म्हणाल्या. हा थकवा खरा आहे आणि उपदेशाने तो जाणार नाही. मात्र वॉर्डात शिकणारा इंटर्न रोगाचे ज्ञान वर्गातून आणतो आणि रोग्याकडे पाहण्याची नजर थकलेल्या ज्येष्ठाकडून उचलतो. इंटर्नशिपच्या वर्षात मानसोपचार विभागाला २ आठवडे मिळतात. उरलेले पन्नास आठवडे तो व्यसनी माणसाला इतर वॉर्डांत भेटतो, आणि तेथे त्याला ‘बेवडा’ हा शब्द आधी ऐकू येतो, निदान नंतर.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था समाविष्ट आहेत, आणि अशा रुग्णांना शारीरिक आजाराच्या रुग्णांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे, असा हक्क त्यात दिलेला आहे. हे मी बैठकीत सांगितले तेव्हा कोणाच्याही चेहऱ्यावर फरक पडला नाही. फरक पडला तो आकड्याने. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे आढळले, आणि भरती होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक होता. बाकीचे सर्व जण कुठे असतात? ते पाय सुजून, हाड मोडून, रक्ताची उलटी होऊन आपल्याच वॉर्डात येतात, आणि व्यसनाविषयी एखाद्या डॉक्टरशी बोलण्याची त्यांची ती बहुधा एकमेव वेळ असते.

शुद्धीवर आल्यानंतर

भ्रम उतरल्यावर निवासी डॉक्टरांनी नेहमीचा सल्ला तयार ठेवला होता : दारू सोडा, नाहीतर मराल. रुग्णाने हात जोडून ‘आता नाई घेणार जी’ म्हटले असते आणि कागदावर ‘समुपदेशन केले’ अशी नोंद झाली असती. मी इंटर्न डॉक्टरांना विनंती केली की त्यांनी चार संध्याकाळी, पायाचे ड्रेसिंग झाल्यावर, खुर्ची घेऊन बसावे, ‘तुम्ही’ म्हणावे, आणि सोडा हा शब्द पहिले दोन दिवस उच्चारू नये. मानसोपचार विभागातील सहकारी आधी एकदा सोबत बसले.

दुसऱ्या संध्याकाळी इंटर्नने विचारले की दारूने तुमचे कोणते काम होते. रुग्ण बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले : ‘फवारणी करून आलो का पाठ अशी धरते, झोपच येत नाई. घेतली का झोप लागते. अन् ते औषधाचं अंगातलं विषबी उतरते, असं मानतो आमी.’ पाठीवर पंप घेऊन दिवसभर कपाशीवर कीटकनाशक मारणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे. दारूने फवारणीचे विष उतरत नाही, आणि शरीराला दोन विषांचा सामना एकाच वेळी करावा लागतो, हे इंटर्नने त्यांना समजावले. पण त्याआधी त्यांनी पाठ तपासली, झोपेची चौकशी केली, फवारताना तोंडाला काय बांधता हे विचारले. रुग्णाची पाठ त्या वॉर्डात त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी पाहिली.

तिसऱ्या संध्याकाळी पत्नीने पदराच्या गाठीतून एक पुडी काढली. ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीवरून मागवलेली ती पावडर होती आणि त्यांनी ती वरणात दोनदा घातली होती. या पुड्यांत काय असते याचा भरवसा नसतो. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर धडधड, उलट्या आणि रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते. म्हणूनच हे औषध रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. निवासी डॉक्टरांनी पुडी पाहून बाईंवर आवाज चढवला. इंटर्नने त्यांना थांबवले, आणि बाईंना विचारले की नवऱ्याला हे सांगताना मी सोबत बसू का. मी त्या वेळी तेथे नव्हतो. हे मला सिस्टरांनी सांगितले.

औषधांची निवड मर्यादित होती. यकृताची स्थिती पाहता डायसल्फिराम आणि दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन दोन्ही टाळले. मानसोपचार विभागाने ओढ कमी करण्यासाठीच बॅक्लोफेन कमी मात्रेत सुरू केले, तोंडाने घ्यायचे थायमिन दिले आणि दोन आठवड्यांनी बोलावले.

दिवाळीनंतर

पहिल्या भेटीला ते आले. पाय भरत होता, दारू घेतली नव्हती, झोप कमी होती. दुसरी भेट चुकली. तिसऱ्या वेळी, सोयाबीन विकून हाती पैसे आल्यावर आणि दिवाळी उलटल्यावर, ते पत्नीसोबत आले. पाच दिवस प्यायले होते, आणि या वेळी ते त्यांनी दारातच सांगितले. इंटर्न डॉक्टर माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ‘सर, एवढं केलं तरी...’

त्याच सकाळी ओपीडीत दिवाळीच्या फराळाने साखर ३०० च्या वर गेलेले मधुमेहाचे चार रुग्ण येऊन गेले होते. त्यांतील एकालाही आम्ही ‘एवढं केलं तरी’ असे म्हटले नव्हते. गोळ्यांची मात्रा वाढवली होती आणि पुढची तारीख दिली होती. मी इंटर्नना त्या चौघांचे कागद दाखवले आणि या रुग्णाच्या कागदावरही तेच करायला सांगितले. त्यांनी पाच दिवसांचा हिशेब विचारला : कोणत्या दिवशी, कोणासोबत, हाती पैसे किती वाजता आले. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याकडून पैसे घेऊन परतताना फाट्यावर थांबणे हे दरवर्षीचे आहे, असे निघाले. पुढच्या वेळी पैसे मुलाने आणायचे, असे त्या तिघांनी आपसात ठरवले. कापसाचे पैसे त्यानंतर दीड महिन्याने यायचे होते.

वॉर्डात आम्ही दोन बदल केले. भरतीच्या कागदावर मद्यपानाच्या पुढील हो आणि नाही हे दोन चौकोन काढून ‘शेवटची घेतल्याची तारीख व वेळ’ अशी ओळ घातली, आणि हा प्रश्न नातेवाइकांना दूर ठेवून, रुग्णाला व घरच्या एका माणसाला वेगवेगळा विचारायचा असे ठरले. उत्तर पोलिसांकडे जात नाही, हे आधी सांगायचे. दुसरे म्हणजे थायमिनच्या कुप्या शल्यचिकित्सा वॉर्डाच्या कपाटात ठेवल्या. राउंडला ‘तू’ बंद झाले असे मी म्हणू शकत नाही. रात्रपाळीत ते अजून ऐकू येते, आणि दोनदा माझ्याच तोंडून निघाल्यावर त्या इंटर्न डॉक्टरांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

जानेवारीतील तारखेला रुग्ण आले नाहीत. कागदावरचा मोबाइल नंबर त्या शेजाऱ्याचा होता, त्यामुळे कशासाठी बोलावत आहोत हे सांगितल्याशिवाय फोन करणे आणि सांगून फोन करणे, दोन्ही अशक्य होते. गावच्या आशाताईंना ‘पायाचे ड्रेसिंग बाकी आहे’ एवढाच निरोप दिला. ते पुढच्या सोमवारी आले. कापूस विकला होता, पैसे मुलाने आणले होते, आणि संक्रांतीला एकदा घेतली होती. पाय आता पूर्ण भरला आहे, त्यामुळे ड्रेसिंगचे निमित्त संपले. पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीवर इंटर्न डॉक्टरांनी ‘रक्ततपासणी’ एवढेच लिहून दिले आहे.